हिरव्या रेघेच्या पन्नास पुंगळ्या

३ ऑक्टोबर

परत काळी वर्तुळं. ट्रॉयच्या झाडलेल्या काडतुसांच्या पन्नास रिकाम्या पुंगळ्यांपैकी अकरांच्या बुडाला, ठिणगी देणाऱ्या टोपीभोवती काजळी. म्हणजे गोळी सुटताना गॅस मागून गळतोय. दुसऱ्या डब्यातल्या टोप्या लावून पाहिल्या — तेच. काडतुसं भरायचा प्रेस खोलला, पुसला, परत जोडला — तेच. शेवटी एका रिकाम्या पुंगळीत टोपी नुसत्या अंगठ्याने दाबून पाहिली. बसली! बसता कामा नये. चांगला जोर लागला पाहिजे. टोपीचं घर सैल झालंय.

नोंदवही काढली. ही खेप चौदा वेळा भरलेली आहे. आधीच बाद करायला हवी होती.

जावयाची काडतुसं मी भरतो, हाच मूर्खपणा. नेमबाजीच्या क्लबवर ज्याने त्याने आपापल्या पुंगळ्या वेचायच्या, ओळखू याव्यात म्हणून बुडावर पेनाची रेघ ओढायची. माझी रेघ निळी, ट्रॉयची हिरवी. मारितनेच गळ घातली होती, "डॅड, त्याचीही भरून देत जा ना. तेवढाच तो शांत राहतो." किती शांत राहतो ते माझ्या लेकीच्या अंगावर दिसतं.

५ ऑक्टोबर

ट्रॉय आज क्लबवर सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझी काडतुसं मागून ओकतात. गॅस माझ्या तोंडावर आला. तुझ्यासारखीच झालीत, खालून गळायला लागली." चारचौघं हसले. लाईल तेवढा हसला नाही. लाईल माझा जुना दोस्त.

घरी आल्यावर भिंग लावून बसलो. बुडाच्या जरा वर पोट फुगलेलं. आता कळलं! ट्रॉयच्या पिस्तुलाची नळी मागून सैल आहे, पुंगळीचं पोट तिथे उघडं राहतं आणि दरवेळी फुगतं. मी दरवेळी साच्यातून ढकलून ते सपाट करत आलो. वरून नवी दिसते, आत पितळ थकलेलं. टोपी गळणं ही नुसती सूचना होती. यानंतर पोटच फुटेल.

पन्नासही बाद. कॉफीच्या डब्यात टाकल्या. नियम असा की बाद पुंगळीचं तोंड पक्कडीने चेपून टाकायचं, म्हणजे कोणी चुकून परत भरणार नाही. मारित नऊ वर्षांची असताना हे काम तिचं होतं. स्टुलावर बसून एकेक चेपायची. दुसऱ्या कोणाला पक्कड धरू द्यायची नाही.

१२ ऑक्टोबर

मारितचा ओठ फुटलाय. कपाटाचं दार लागलं म्हणे. या वर्षात तिसऱ्यांदा लागलं ते कपाटाचं दार.

१३ ऑक्टोबर

हिरव्या पन्नास अजून चेपल्या नाहीत. का नाही, ते मला माहीत आहे.

१९ ऑक्टोबर

ट्रॉयने ट्रकचं दार तिच्या हातावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. मग स्वतःच गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला आणि येताना तिला आईस्क्रीम घेऊन दिलं. हे तिनेच सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात बसून, प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून. आता ती इथेच राहणार आहे.

मी ऐकलं आणि चाकाचा पाना घेऊन निघालो. एकाहत्तर वर्षांचा माणूस! त्याने अंगणातच मला आडवं केलं. गुडघा छातीवर, पिस्तूल कानाला. "ही तुझीच काडतुसं, म्हाताऱ्या. मरशील, की नुसती ओकतील?" असं म्हणून हसत राहिला. मग माझ्या कानाशेजारी जमिनीत एक झाडली. तोंडात माती गेली. अजून त्या कानाने ऐकू येत नाही. माझी पँट ओली झाली होती. ते बघून त्याने मला सोडलं.

पोलिसांना सांगूया म्हटलं. मारित म्हणाली, "मागच्या वेळी सांगितलं होतं ना? दोन दिवसांत घरी आला. आणि मग काय झालं ते तुला सांगितलंच नाही मी."

२० ऑक्टोबर

दिवसभर कामाच्या टेबलापाशी, डबा समोर घेऊन बसलो. नव्या टोप्या लावल्या, पोटं साच्यातून सपाट केली की हा डबा ओळखू येणार नाही. त्याचा तो हात मला दिसत होता. मनगटापासून उडालेला, रक्ताने भिजलेला. बघून बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू? इथे कोण वाचतंय!

पण तो क्लबवर लाईलच्या शेजारी उभा राहतो. तुकडे माणूस बघून उडत नाहीत. आणि चाळीस वर्षं लोकांनी माझ्या हातची काडतुसं डोळे मिटून झाडलीत. डबा परत खाली ठेवला.

२६ ऑक्टोबर

मारितला हाताला काम हवंय. डाव्या हाताने प्रेसचा दांडा ओढायला शिकली. पुंगळ्या धुते, पुसते, निवडते. लहानपणचं सगळं आठवतंय तिला. मला म्हणाली, "या हिरव्या बाजूला का?" मी सगळं सांगितलं. टोपीचं घर, फुगलेलं पोट, थकलेलं पितळ.

"म्हणजे भरल्या तर?"

"दोन-चार नीट जातील. मग एखादी फुटेल."

"हात जाईल?"

"हात जाईल. डोळाही जाईल कदाचित."

तिने डब्यात बघितलं आणि म्हणाली, "मग चेपल्या का नाहीस?" तिने माझा कप उचलला, धुतला आणि पालथा घातला.

२ नोव्हेंबर

ट्रॉयचा फोन. "माझं काडतुसांचं खोकं कुठाय? आणि माझी बायको?" मारित म्हणाली, "खोकं देऊन टाक डॅड, नाहीतर त्या निमित्ताने आत येईल." कोऱ्या पितळेच्या पन्नास भरल्या. दारू प्रत्येक वेळी तोलून, हिरवी रेघ ओढून. त्याच्यासाठी! पण वाईट काडतूस मी कोणाला देणार नाही. खोकं ती स्वतः पायरीवर ठेवून आली. तो खोकं घेऊन गेला आणि जाताना टपालाची पेटी लाथेने पाडून गेला.

तो गेल्यावर डबा मांडीवर घेतला आणि सगळ्या चेपल्या. बरोबर पन्नास. चष्मासुद्धा लावला नाही, हाताला सवय आहे. मनावरचं ओझं उतरलं. मारित दारातून बघत होती. म्हणाली, "झालं?" म्हटलं, झालं.

९ नोव्हेंबर

डाव्या हाताने दाढ दाबून लिहितोय. क्रमाने लिहितो.

सकाळी नऊ. आम्ही पॅनकेक खात होतो. ट्रॉयने मागच्या दाराची काच फोडली, हात आत घालून कडी काढली. मी उठेपर्यंत पिस्तुलाची मूठ माझ्या जबड्यावर बसली. दोन दात टेबलावर पडले. त्याने मारितला केसांना धरून खुर्चीसकट ओढलं. तिचं डोकं ओव्हनच्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा. मी त्याच्या पायाला मिठी मारली, त्याने बरगडीत लाथ घातली. काहीतरी मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.

मग त्याने तिच्यावर पिस्तूल रोखलं. ती उठून भिंतीला टेकून उभी राहिली. कपाळातून रक्त वाहत होतं. तिने हात वर केले नाहीत, गयावया केली नाही. म्हणाली, "झाड ना, ट्रॉय. झाड."

त्याने झाडली. पहिली फ्रीजमध्ये घुसली. दुसरी तिच्या खांद्याला चाटून गेली. तिसरी झाडली आणि पिस्तूलच फुटलं.

आवाज वेगळाच होता, बसका. खालून जाळ आला, मुठीच्या चिंधड्या झाल्या. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. अंगठा नुसत्या कातडीला लोंबत होता, दोन बोटं कुठे गेली कळेना. डावा डोळा रक्ताने भरला. मग तो ओरडायला लागला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ओरडत होता. मारितने फोन केला, पत्ता सावकाश दोनदा सांगितला आणि त्याच्यासमोर उभी राहून बघत राहिली.

११ नोव्हेंबर

ट्रॉय वाचेल. हात नाही, डोळा नाही. वाचला की तुरुंगात जाईल.

शेरीफच्या ऑफिसातून पोरगेला डेप्युटी आला. "मिस्टर क्वाले, काडतुसं कोणी भरली होती?"

"मी. कोऱ्या पितळेत. जुन्या पन्नास बाद करून डब्यात चेपून ठेवल्यात."

"जाणूनबुजून केलं असेल, असं त्याचा वकील म्हणणार. तुमची नोंदवही आणि तो बाद पुंगळ्यांचा डबा न्यायला परवा येतो. हिरव्या रेघेच्या पन्नास चेपलेल्या त्यात सापडल्या की प्रश्न मिटला."

त्या दिवशी लाईल लगेच धावत आला होता, फुटलेली पुंगळी त्याने लांबून पाहिली होती. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ओरिन, कोरं पितळ असं पोटातून फुटत नाही रे. दारू दुप्पट तर नाही पडली?" म्हणजे चूक माझी. डोळे गेले माझे. अशी गोळी मारितच्या हातातही फुटू शकली असती, लाईलच्याही. रात्रभर बरगडी दुखत नव्हती, हेच दुखत होतं. यापुढे काडतूस भरणार नाही.

१२ नोव्हेंबर

डेप्युटीला द्यायचा म्हणून डबा टेबलावर ओतला. या वेळी चष्मा लावला.

पन्नासच्या पन्नास निळ्या. माझ्या स्वतःच्या, चांगल्या. बुडाला एकही काळं वर्तुळ नाही.

फळीवरचं माझं खोकं उघडलं. त्यात मी ट्रॉयसाठी भरलेली कोरी पन्नास, हिरव्या रेघेची, एकही न वापरलेली. म्हणजे पायरीवर ठेवलेल्या खोक्यात ती थकलेली पन्नास होती.

मान वर केली तर मारित समोर. प्लास्टरचा हात पोटाशी, डाव्या हातात थिनरची बाटली आणि हिरवा पेन. दोन्ही माझ्यासमोर ठेवलं आणि स्टूल ओढून बसली. ती निळी रेघ पुसून देत होती, मी हिरवी ओढत होतो. पेन सुकला होता, थुंकी लावून चालवला.