झाकणाखालचा स्पॅनिश राईस

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मला न विचारता माझ्यासाठी तुझ्याकडची वरची खोली रंगवून घेतलीस, पडदेही शिवलेस. हिला जाऊन दोन वर्षं झाली, एकट्यानं पाव-केळी खाऊन मी खंगेन, ही तुझी भीती कळते. पण हे घर आणि खालचं घड्याळदुरुस्तीचं दुकान सोडून माझा जीव रमायचा नाही.

म्हणून एक पैज. पुढच्या महिन्यात इकडे ये. मी स्वतःच्या हातानं स्पॅनिश राईस करून वाढीन. जमला तर मी इथेच राहणार. फसला तर कुलूप लावून तुझ्याकडे. कृती एका गिऱ्हाइकानं सांगितली, तो बोटीवर आचारी आहे. सगळं फडताळातच असतं म्हणे: तांदूळ, कांदा, लसूण, टोमॅटो, जिरं, तिखट.

लोभ आहेच, पैजेपायी तो आटू नये.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पैज मंजूर. ज्याला चहाचं पातेलं जाळल्याशिवाय सकाळ उजाडल्यासारखं वाटत नाही, तो परदेशी भात करणार. तुझ्या साध्या भातानं पाकिटं चिकटवता येतात, हे विसरू नकोस. पडदे निळे घेतलेत. ट्रंक झटकून ठेव.

जिंकण्याचा आशीर्वाद सोडून बाकी सगळे आशीर्वाद.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तांदूळ तेलात गुलाबी होईपर्यंत परतायचे, मग कांदा-लसूण, वाटलेला टोमॅटो, मीठ-मसाला, गरम पाणी, आणि झाकण. इथेच माझं घोडं पेंड खात होतं. बंद वस्तू दिसली की उघडून बघायची, ही धंद्याची खोड. बघायचो, ढवळायचो, आणि लगदा व्हायचा.

शेवटी झाकण घातलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो, आणि मला आत येऊ देऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी शेजारच्या शिंपीकाकांना बसवलं. परवा दाणा न् दाणा सुटा, लालचुटूक झाला. काकांनी तीनदा घेतला आणि चौथ्यांदा डबा आणला. तेव्हा निळ्या पडद्यांचं काय करायचं, याचा विचार करून ये.

मायेत काही कमी करू नये, ही विनंती.

धाकटा

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्यासमोर भाताची खीर झाली. तू अर्धं ताट ठेवून, एक शब्दही न टोचता उठलीस. टोमणा मारला असतास तर बरं वाटलं असतं. पैज म्हणजे पैज. महिनाअखेरीस घर बंद करून येतो. ट्रंक झटकली आहे.

हरलेल्यावरही लोभ असू द्यावा.

धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घर बंद करू नकोस. तू लिंबू आणायला खाली गेलास, तेव्हा मी झाकण काढलं. भात सुरेख झाला होता, वासानंच कळलं. मी त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि ढवळला.

तुझ्या जेवणाची काळजी हे निमित्त होतं. लेक सासरी गेल्यापासून मी ताट वाढून घेते आणि दोन घास खाऊन उठते. एकटीला जेवण जात नाही रे. मला सोबत हवी होती, आणि ती मागायची लाज वाटली. तू मात्र दोन वर्षं एकटा राहून पुन्हा चुलीशी उभा राहिलास. मला तुझा हेवा वाटला.

रागावलास तरी पत्र टाक.

ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घड्याळ मागाहून कोणी उघडलंय हे ओळखण्यावर माझं पोट आहे. ओट्यावर रिकामा तांब्या, त्याशेजारी लाल झालेला डाव. मला तेव्हाच कळलं होतं. विचारलं असतं तर तू कानावर हात ठेवले असतेस, म्हणून गप्प राहिलो. पण जिनं आजवर एकही ढवळाढवळ लपवली नाही, तिनं ही लपवली, म्हणजे आत काहीतरी मोठं दुखत असणार. म्हणून सामान मात्र खरंच बांधलं.

आता ते अर्धंच आणतो. दर शनिवारी दुकान बंद करून येईन, सोमवारी परत. त्या दोन दिवसांचा भात माझ्याकडे. बाकीचे पाच दिवस तू पोटभर जेवायचं. जेवली नाहीस असं कानावर आलं, तर त्या वरच्या खोलीत कायमचा येऊन राहीन आणि रोजचा स्वयंपाक मी करीन.

तुझ्या लोभावर झाकण नसावं.

धाकटा