दोन ‘प’ असलेल्या मुलीबाबत

प्रति,
मा. वाणी-सुधार अधिकारी,
हेमलॉक लेन प्राथमिक शाळा,
स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया.

विषय : कु. अंतरा मेश्राम (इयत्ता दुसरी) हिचा ‘प’ दुरुस्त करणे तात्काळ थांबवण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ४ सप्टेंबरचे ‘उच्चारदोष’ पत्र.

महोदया,

पालकांनी घरच्या भाषेत लिहावे, भाषांतराची सोय आहे, असे शाळेच्या सूचनापत्रात छापले आहे. सबब हा अर्ज मराठीत सादर करीत आहे.

१. माझी मुलगी अंतरा आणि तिची वर्गमैत्रीण लुसिया जन्मापासून दोन-दोन भाषा बोलतात. अंतरा मराठी व इंग्रजी, लुसिया स्पॅनिश व इंग्रजी. आपण दोघींच्या ओठांसमोर टिश्यू पेपर धरला. ‘पेन्सिल’ म्हणताना तो हलला. मग घरी काय आवडते असे विचारताच अंतरा ‘पोळी’ म्हणाली, लुसिया ‘पापा’ (म्हणजे वडील). कागद ढिम्म. इंग्रजी ‘प’बरोबर हवेचा झोत निघतो, मराठी व स्पॅनिश ‘प’बरोबर निघत नाही, आणि अशा मुली हे दोन्ही ‘प’ न शिकवता वेगळे ठेवतात, हे मी फोनवर निवेदन केले होते. “कागद खोटं बोलत नाही,” असे आपले उत्तर मिळाले.

२. तेव्हापासून दोघींना रोज चित्रकलेच्या तासातून उठवून ‘पोळी’, ‘पापा’ म्हणत कागद हलवायला बसवले जाते. आपल्या परिश्रमांचे फळ नमूद करणे माझे कर्तव्य आहे. लुसिया वडिलांना हाक मारीत नाही. चुकेल म्हणून नुसती बाही ओढते. मध्यंतरी आपण ‘क’देखील सुधारायला घेतलात. अंतराने राजीवकाकांना फोनवर “खाखा” अशी हाक मारली. “हो गं, जेवतोच आहे,” ते म्हणाले.

३. गुरुवारी माझा धाकटा मुलगा यश (वय ५, आपल्याच शाळेत) सायकलच्या वाटेवर उभा होता. मागून भरधाव सायकल आली. अंतरा जिवाच्या आकांताने ओरडली, “यश, फळ! फळ!” तिला ‘पळ’ म्हणायचे होते. शेजारी सफरचंदाचे झाड आहे. यशने आज्ञाधारकपणे वर पाहिले. कोपराला चार टाके पडले. दवाखान्यात अंतराने मला विचारले, “आई, मी करेक्ट म्हटलं ना? टिश्यू हलला असता.” त्यानंतर ती घरात मराठीत एक शब्दही बोललेली नाही.

४. ही हकीकत शाळेस कळवली असता काल आपले दुसरे पत्र आले : बहिणीची सूचना यशला कळली नाही, तरी त्याची श्रवणचाचणी घ्यावी.

विनंती की, दोघींना चित्रकलेच्या तासाला परत पाठवावे आणि “तुमचं आधीचंच बरोबर होतं” हे आपण स्वतः त्यांना सांगावे. इंग्रजीत सांगितले तरी चालेल. यशच्या चाचणीस माझी संमती नाही. त्याच्या कानांत दोष असता, तर त्याने वर पाहिलेच नसते.

आपली, अद्याप न सुधारलेली पालक,
(सही)
जागृती मेश्राम
दि. २३ सप्टेंबर २०२५

सोबत : १. टाक्यांबाबत दवाखान्याचा दाखला.
२. लुसियाच्या वडिलांचे याच आशयाचे पत्र (स्पॅनिशमध्ये).