माझ्या दारापुढचा पत्रा

दादा,
मी आईला मुद्दाम बोलावत नाही, असं तू पुन्हा वहिनीजवळ बोललास. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन इथं शहरातच व्हायला हवं, हे मलाही कळतं. पण तिला ठेवू कुठं? मोठे पाहुणे येणार म्हणून आमची वस्ती उंच पत्र्यांनी झाकलीय. त्यावर हसरी माणसं आणि 'सर्वांचं शहर' अशी अक्षरं. ते ठोकायचं काम आमच्याच टोळीला; हजेरी बुडू नये म्हणून माझ्या दारापुढचा पत्रा मीच ठोकला. मुकादम हसला, "बघ, तुझ्या घराला रंगीत भिंत आली." पाहुणे गेले की खोल्या पाडणार. बदली घरांच्या यादीत आम्ही नाही, कागदपत्रं गावची ना. हे तुला कळवायची हिंमत नाही, पत्र खिशातच राहील. फोनवर म्हणेन, सुट्टी मिळत नाही.
तुझा धाकटा

आईच्या थेंबांसाठी साडेसातशे मात्र पाठवतोय.