एकसष्ट-एकसष्ट

ईस्ट हॅलम, व्हरमाँट
१८ फेब्रुवारी

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र पोचलं. लेकीकडे ओहायोत तुझं बस्तान बसलं, पाठही दुखायची थांबली, वाचून बरं वाटलं. इथे कमरेइतका बर्फ आहे. तुमच्या छपरावरचा परवा मी उतरवला. यंदा मेपलचा रस उशिरा येणार असं सगळे म्हणतात. दरवर्षी तेच म्हणतात.

गावाला लिहिलेलं तुझं पत्रही वाचलं. गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या क्लार्कबाईंनी ते सभागृहाच्या दारावर लावलंय. मागच्या मार्चच्या गावसभेत प्रेस्कॉटने हात चुकीचे मोजले, म्हणून शेजारच्या गावाशी भागीत ॲम्ब्युलन्स ठेवायचा ठराव एकसष्ट-एकसष्ट असा बरोबरीत पडला, आणि म्हणून नोव्हेंबरात ॲल्डन छातीला हात लावून सरपणाच्या ढिगाशी ॲम्ब्युलन्सची वाट बघत पन्नास मिनिटं पडून राहिला आणि गेला, असं तू लिहिलंस. "माझा नवरा बाजूने हात वर करणार होता, सकाळी सांगून गेला होता. मग बरोबरी झालीच कशी?"

प्रेस्कॉट अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. चाळीस वर्षं सभा चालवली, आता सोडतोय. दुकानात लोक त्याच्याशी बोलत नाहीत. काल मला म्हणाला, "लूथर, मी तीनदा मोजलं होतं रे. पण म्हातारा माणूस, चुकलोही असेन." मी त्याला कॉफी पाजली आणि गप्प बसलो.

त्या दिवशी तू तळघरात सगळ्यांसाठी बीन्स आणि ॲपल पाय वाढत होतीस. माझं भाषण तू ऐकलं नाहीस. मी म्हणालो, आपल्या आजोबांनी दगड उपसून शेतं केली ती कुणाला विचारून नाही. ज्याचं त्याने बघावं, ज्याचं त्याने ठरवावं. आज ॲम्ब्युलन्स, उद्या शेजारचं गाव आपल्याला झोपायची वेळ सांगेल. लोक हसले. लोकांना हसवायची मला चटक आहे, तुला ठाऊकच आहे.

ॲल्डन माझ्या शेजारी होता. "बाजूने कोण?" म्हटल्यावर त्याने हात वर केला. मी त्याचं मनगट धरून खाली ओढलं. "अरे, घरचा माणूस ना तू?" म्हटलं. मागचे हसले. तोही ओशाळून हसला. प्रेस्कॉटचं मोजून होईपर्यंत मी मनगट सोडलं नाही. विरोधात त्याने हात उचललाच नाही, नुसता मांडीकडे बघत राहिला.

घरी येऊन त्याने तुला सांगितलं नाही. माझी लाज राखली की स्वतःची, कोण जाणे. त्याला पुरलं तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा होतो, तेव्हाही मी हे सांगितलं नाही.

गणती बरोबर होती, हेस्टर.

या पत्राची नक्कल क्लार्कबाईंकडे दिली आहे. मार्चच्या पहिल्या मंगळवारी ती सभेत वाचली जाईल आणि मी तिथे बसलेला असेन. तुला आधी कळावं म्हणून हे आज टाकतोय. ठराव पुन्हा आलाय, यंदा मंजूर होईल म्हणतात.

माफी मागत नाही. दिलीस तर मला ती झेपायची नाही. छपरावरचा बर्फ काढत राहीन. मी तुझ्या दारात यायला नको असेल तर तसं कळव, घराची किल्ली प्रेस्कॉटकडे देतो.

ॲल्डनचा हात ज्याने धरला तो,
तुझा भाऊ
लूथर