सरू ठाकूरची उत्तरपत्रिका

मी, हिरामण गोविंद घरत, वय ७१, इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक, राहणार रामवाडी, पेण, पूर्ण भानावर असताना, कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे गेली आहेत, डोके शाबूत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. रामवाडीचा फ्लॅट व बँकेतील शिल्लक मुलगा प्रविण यास. बापाला दवाखान्याच्या दारात उतरवून गाडी तशीच वळवणारा हा मुलगा आहे. तरी त्याच्या आईला शब्द दिला होता म्हणून देतो.

२. रोह्याच्या कॉलेजात मी एकतीस वर्षे 'इंग्रजी कादंबरीचा विकास' हा पेपर शिकवला. शिकवला म्हणजे नोट्स उतरवून दिल्या. पत्ररूप कादंबरी, वास्तववाद, निसर्गवाद, संज्ञाप्रवाह: प्रत्येकाची चार कारणे, पाच वैशिष्ट्ये. नेमलेल्या निम्म्या कादंबऱ्या मी उघडल्याही नव्हत्या. नोट्सच्या मूळ वह्या प्रविणने जाळाव्यात. माझे सहकारी हर्षद मागतील, देऊ नयेत. त्यांनीही काही उघडलेले नाही.

३. हे कलम लिहिण्यासाठीच हा खटाटोप. १९९८ साली सरू ठाकूर माझ्याकडे शेवटच्या वर्षाला होती. आईबाप पेणच्या खाडीकाठी मिठागरावर राबायचे. पूर्वपरीक्षेत प्रश्न होता, पत्ररूप कादंबरी का बहरली? माझी चार कारणे तिने लिहिली नाहीत. मोडक्या इंग्रजीत तिने लिहिले त्याचा अर्थ असा: 'या कादंबऱ्यांतल्या बायका पानेच्या पाने पत्रे लिहितात, कारण त्यांच्या खोलीला आतून कडी आहे. माझ्या आईच्या खोपटीला दारच नाही. तिच्याही मनात कादंबरी असेल, पण ती एकटी कधी बसणार?'

मी हे वर्गात वाचून दाखवले. पोरे हसली, मीही हसलो. शून्य दिले. ती नापास झाली, परीक्षेचा फॉर्म अडला आणि बापाने तिला मिठागरावर नेले.

तीन वर्षांनी पुण्याच्या चर्चासत्रात तोच विचार मी सफाईदार इंग्रजीत माझा म्हणून वाचला. टाळ्या पडल्या, निबंध छापून आला, बढती मिळाली. उभ्या नोकरीत मी मांडलेला एकमेव खरा विचार चोरीचा होता. मला याची लाज वाटते.

४. गेल्या महिन्यात वरसे येथे सरूच्या घरी गेलो. ती कंपनीतली शिफ्ट संपवून आली होती. सगळे सांगितले, माफी मागितली, माझी पुस्तके व जपून ठेवलेली तिची उत्तरपत्रिका देऊ केली. ती भांडी आवरत राहिली. मग म्हणाली, "पुस्तकं नकोत, सर. तवा वाचायची होती. पेपर पन नको, त्यातलं मला पाठ हाय."

"मग काय देऊ?"

"कायच नाय. तुमी लिवा. खरं लिवलंय का ते बघाया येईन, साक्षीला."

माफ केले असे ती म्हणाली नाही. मी पुन्हा विचारले नाही.

५. म्हणून पुस्तके रोह्याच्या वाचनालयास. उत्तरपत्रिका या मृत्युपत्राला जोडावी. निबंध कोणाचा आहे हे सांगणारे, सोबत ठेवलेले पत्र प्रविणने त्या नियतकालिकाला पाठवावे. न पाठवल्यास कलम १ मधील फ्लॅट त्याला मिळू नये.

ठिकाण: पेण. दिनांक: ९ जानेवारी २०२५.

सही: हि. गो. घरत

खालील दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार १: मिथुन पाटील, शेजारी, रामवाडी.

साक्षीदार २: सरू जितेश म्हात्रे, माहेरची ठाकूर, वरसे. कलम तीन वाचले. खरे आहे. एक राहिले. सरांनी वर्गात वाचून दाखवले त्या दिवशी माझी आई दाखल्यासाठी अंगठा द्यायला आली होती, वर्गाच्या दारात उभी होती. पोरे आपल्याला हसली का, असे ती विचारत राहिली. मी तिला शेवटपर्यंत सांगितले नाही.