टॉप-अपला आत्याचा होकार

उलवे, ३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याबाईंस शि. सा. न.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र. आत्या, हे काय करून बसलात? विमानतळामुळे आमच्या फ्लॅटचा भाव दुपटीवर गेलाय, तर बँकवाला केतनच्या मागेच लागलाय, होम लोनवर टॉप-अप घ्या म्हणून. म्हणजे त्याच घरावर आणखी कर्ज! तुमच्या भाच्याला बहिणीची हळद डीजे लावून दणक्यात करायचीय. मी नको म्हटलं, तर म्हणतो, आत्यानं बिनधास्त घे सांगितलंय. वडलांमागे तो तुमचाच शब्द मानतो.

आत्ताचाच हप्ता भरताना जीव जातो. उद्या एकाची नोकरी गेली तर राहतं घर जाईल हो! मला नुसतं टेन्शन आलंय. पुढच्या आठवड्यात सही आहे.

रागावले असले तरी तुमचीच,
निशिगंधा

तळवली, ६ नोव्हेंबर

चि. सौ. निशिगंधास अ. उ. आ.

अगो बाय माझे! टॉप-अप म्हंजे मोबाइलात पैसे टाकतात ता ना? मना वाटला पोराचा फोन बंद पडलाय, म्हनून बोलले घे बिनधास्त. हे पत्र माझी नात रुतिका लिहितेय, तिनं समजावला तवा कपालावर हात मारला.

केतनला सांग, भाव वाढला म्हनून घराला नवी खोली फुटली काय? जमिनीचा पैसा आला तवा इथं कितीकांनी हलदी गाजवल्या, आता त्यांचीच पोरं भाड्यानं रातात. प्रियाची हलद माझ्या अंगनात. गानी म्हनायला धवलारीन हाय, तांदलाच्या भाकऱ्या हायेत, मटनाचा मी बघते. माझा होकार मी परत घेतला, असा त्याला वाचून दाखव.

माया हाय ती हायेच,
आत्या

उलवे, ५ डिसेंबर

ती. आत्याबाईंस शि. सा. न.

जिंकलो, आत्या! केतन आधी फुगून बसला, मग मोबाइलचं वाचून हसून हसून लोळला. टॉप-अप बारगळलं. आम्ही दोघं बँकेत गेलो नि मी सरळ विचारलं, घर महाग झालं म्हणजे तुमची जोखीम कमी झाली ना? मग व्याज कमी करा, नाहीतर कर्ज दुसरीकडे हलवते. खूप टोलवाटोलवी केली, पण केलं कमी! हप्ता तोच ठेवलाय, म्हणजे कर्ज लवकर फिटेल.

हळदीत तुम्ही चुलीपाशी होतात, म्हणून तुमचं एक ऐकायचं राहिलं. पाहुण्यांनी केतनला फ्लॅटचा आत्ताचा भाव विचारला. पिवळ्याजर्द तोंडानं तो म्हणाला, विकायचाच नाहीये, मला कशाला ठाऊक असेल? मला इतका आनंद झाला की सगळ्यांदेखत त्याला आणखी मूठभर हळद फासली.

लोभ वाढता असू द्या.

तुमची,
निशिगंधा