अर्ध्यावर थांबणारं प्रवचन

४ मार्च
आलं: थोरल्या मुलाचा जुना संगणक, फुकट. टेम्पोचं भाडं दीडशे. इंटरनेटची जोडणी पाचशे, वर तासाचे वेगळे! थोरला म्हणतो, आता टीव्हीसुद्धा यावरच बघायचा. म्हणजे चांगला चालता टीव्ही भंगारात घालू?
जोडणीवाला सांगून गेला – हे टेलिफोनच्या तारेवर चालतं, चालू असेपर्यंत फोन बंद. असो. तेवढंच बिल कमी.

६ मार्च
संगणकावर लोकांनी टाकलेली चित्रं बघण्यात दोन तास वाया. एक बाप्या आरशासमोर दाढी करतोय. एका बाईने आपलं मांजर शिंकताना दाखवलंय – लाखभर लोकांनी पाहिलं म्हणे! हे मात्र हसून लोळतायत. घरातलं झाकायला माणसं पडदे लावत. आता पडदे सारून कॅमेरा लावतात.

७ मार्च
धाकट्या बहिणीचा फोन, बूथवरून. तिच्या घरी फोन नाही. गुरुवारी पोटाचं ऑपरेशन. साठीला आली, पण काळीज चिमणीचं. "ताई, आत नेण्याआधी तुला फोन करीन. तू धीर दिलास तरच जाईन." वेडी कुठली!

९ मार्च, गुरुवार
सकाळपासून देवापाशी बसले होते. यांनी हाक मारली – गुरुजींचं प्रवचन या संगणकाच्या पेटीत सापडलंय, आजाऱ्यांसाठी प्रार्थना कशी करावी यावर. लावलं. चार वाक्यं झाली की चित्र थांबतं, चकती गरगर फिरते. पुन्हा दोन वाक्यं. देवाच्या शब्दालाही हप्ते!
हे म्हणाले, बंद करू या, तिचा फोन यायचाय. मी म्हटलं, अर्ध्या ताटावरून कोणी उठतं का? बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तासाचे पैसे. आणि अडतो तो आपण केलेला फोन, त्याला पैसे पडतात. आलेला फुकट – तो कशाला अडेल?
दुपारी संपलं एकदाचं.
तिचा फोन नाही.

१० मार्च
आजही नाही. रागाने घास उतरत नाही. बूथ दवाखान्याच्या दारात, तिचे यजमान एवढे शिकलेले, आणि एक निरोप देववत नाही? कुणाचं मांजर शिंकलं ते घरबसल्या कळतं. सख्ख्या बहिणीचं काय झालं, ते कळायची सोय नाही!

१३ मार्च
तिच्या यजमानांचं पत्र. दवाखान्याचा झगा घालून ती सकाळभर बूथवर उभी होती. दर वेळी आमचा फोन एंगेज. शेवटी म्हणाली, "ताईला आज माझ्यापेक्षा जवळचं कुणीतरी बोलायला मिळालंय." आणि ऑपरेशन न करताच घरी आली. आता कुणाचं ऐकत नाही. डॉक्टर म्हणतात, लांबवण्यात धोका आहे.

१४ मार्च
पहिल्या टपालात पत्र टाकलं. तिला दोनच ओळी – नवी तारीख घे, आदल्या दिवशी मी येते, ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत हात धरून चालेन. रागव हवी तेवढी, पण तारीख उलट टपाली कळव.